सातच्या बातम्यांची खुर्ची

खुर्चीचा इतका लोभी माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमच्या जिल्ह्यात दर निवडणुकीला उभे राहून दर निवडणुकीला पडणारे लोक आहेत, सरपंचपदापायी सख्ख्या भावाशी धरलेला अबोला त्याच्या मयतीपर्यंत निभावणारे आहेत, आणि पतसंस्थेचं अध्यक्षपद गेल्यावर अंथरूण धरलेले एक गृहस्थ तर आमच्याच गल्लीत होते. पण आमच्या मोठ्या साडूंपुढे हे सगळे साधुसंत म्हणायचे. आणि ती खुर्ची तरी कसली? गोंदियातल्या एका केबलवाल्या शेठजींच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, त्या खोलीत मागे निळा पडदा लावलेला होता, आणि पडद्यापुढे एक साधी लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड असल्यामुळे खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असे. तिच्यावर बसून आमचे साडू रोज संध्याकाळी सात वाजता जिल्ह्याच्या बातम्या वाचायचे. आठ-नऊ वर्षं वाचल्या. त्या खुर्चीवर त्यांचा जितका जीव होता तितका आमच्या ताईवर होता की नाही, हे ताईही छातीठोकपणे सांगू शकली नसती.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांची पत्नी. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि ते मला बाबू. दिवसा ते एका राइस मिलमध्ये काट्यावर असायचे. धानाचे ट्रॅक्टर तोलायचे आणि पावत्या फाडायचे. पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे त्यांचा आवाज. भंडाऱ्यापासून आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हा शेठजींच्या मनात आलं की नवा जिल्हा झाला, तर त्याच्या बातम्याही हव्यात. आणि बातम्या म्हटल्यावर सगळ्यांना आधी साडूच आठवले. चौदा एप्रिलची मिरवणूक असो, कबड्डीचे सामने असोत, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, असोत, माइकवर आमचे साडूच. मंडईत चुकलेलं पोर त्यांनी पुकारलेलं आपलं नाव ऐकून रडायचं थांबायचं, असं लोक सांगत. लोक म्हणजे बहुतेक वेळा साडूच. मी तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचो. लग्नसराई संपली की कॅमेरा कपाटात आणि मी पानठेल्यावर. साडूंनी मला हाताला धरून शेठजींपुढे उभं केलं आणि सांगितलं, "हा माझा साडू. याले नवरा-नवरी सोडून दुसरं काही दाखवाची सवय नाही, पन शिकंल." तेव्हापासून मी त्या पत्र्याच्या खोलीतला कॅमेरावाला झालो, आणि पुढचं सगळं मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून पाहिलं.

एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा साडूंचा एक रुमाल त्या खुर्चीवर कायम पडलेला असे. ते मिलमध्ये असोत की घरी, रुमाल तिथेच. झाडणारी बाईसुद्धा रुमालाभोवतीनं झाडायची. एकदा मोबाईलवर बोलता बोलता शेठजी स्वतः त्या खुर्चीवर टेकले. साडू त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. शेठजींनी विचारलं, "क्या हुआ भाऊ?" साडू म्हणाले, "काही नाही जी, बातमीचा टाइम होऊन राहिला." बातमीला चांगला तासभर अवकाश होता. शेठजी मुकाट्यानं उठले आणि उरलेलं बोलणं गच्चीवर उभ्यानं बोलले. बातम्या थेट जायच्या, त्यामुळे खोलीत पंखा चालत नसे. त्याची खरखर माइकमध्ये यायची. आमच्याकडचा मे महिना, वर तापलेला पत्रा आणि अंगात स्वतःच्या लग्नातला तपकिरी कोट, अशा अवस्थेत हा माणूस घामानं निथळत, पण चेहऱ्यावरची रेष न हलवता धरणांतला पाणीसाठा वाचून दाखवायचा. जवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणारी पोरं कधीकधी नेमकी सात वाजता आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायची. साडू वाक्याच्या मधेच थांबायचे, नजर वर पत्र्याकडे लावायचे, घरघर पार विरेपर्यंत वाट पाहायचे आणि मग "तर," असं म्हणून पुढचा शब्द घ्यायचे. अख्खा जिल्हा त्यांच्याबरोबर थांबलेला असे.

रात्री नऊला त्याच बातम्या पुन्हा लागत. तेव्हा साडू घरी जेवत असत. बातम्या संपेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही. पडद्यावरचे साडू हात जोडून "नमस्कार" म्हणाले की जेवणारे साडू उष्टा हात बाजूला धरून, डावा हात छातीशी नेऊन त्यांना उलट नमस्कार करीत. ताईनं एकदा न राहवून विचारलं, "आपनच आपल्याले कायले नमस्कार करता जी?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "नमस्कार कोनाचाबी असो, घ्या लागते."

पण त्यांची सगळ्यांत मोठी शिस्त होती ती निधनवार्तेची. आमच्या बातम्यांमधला सर्वांत जास्त पाहिला जाणारा भाग तोच होता, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. लोक फोन करून कळवायचे. साडू मात्र नुसत्या फोनवर विश्वास ठेवत नसत. "डोऱ्यानं पाह्यल्याबिगर मी कोनाले मारत नाही, बाबू," असं ते म्हणत. मिल सुटली की मोपेडवर बसून ते त्या घरी जात, प्रेतापाशी दोन मिनिटं बसत, घरच्यांची विचारपूस करत, आणि मगच सातला ती बातमी वाचत. लांबच्या गावची असली तर दुसऱ्या दिवशी वाचत. पुढे पुढे असं झालं की त्यांची मोपेड एखाद्या दारापुढे उभी दिसली की गल्लीतल्या बाया डोळ्यांना पदर लावू लागत. एकदा रेल्वेतून रिटायर झालेल्या एका आजारी म्हाताऱ्याच्या घरासमोरच त्यांचं चाक पंक्चर झालं. साडू खाली वाकून चाक पाहतात न पाहतात तोच शेजारणीनं गळा काढला. तिचं ऐकून दुसरी आली, मागून चार पुरुष आले. शेवटी आतून तो म्हातारा काठी टेकत ओट्यावर आला आणि म्हणाला, "अभी हूँ भाऊ, अभी हूँ!" साडूंनी त्यालाही नमस्कार केला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शेठजींचा पुतण्या नागपुरातून टीव्हीचा कोर्स करून परत आला. मुलगा गुणी होता, नम्र होता, आल्या आल्या साडूंच्या पाया पडला. पाया पडून उठला आणि म्हणाला, "काका, आता आपण दोघं वाचू." त्याच्या आग्रहावरून शेठजींनी दुसरी खुर्ची आणली. ती चाकांची होती, गरकन फिरायची, आणि खालचा दांडा ओढला की वर चढायची. पहिल्याच दिवशी पुतण्या साडूंपेक्षा वीतभर उंच दिसला. दुसऱ्या दिवशी साडू मिलमधून एक रिकामं पोतं घेऊन आले आणि घडी घालून खुर्चीवर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी पुतण्यानं दांडा ओढला. चौथ्या दिवशी दोन पोती आली. दोघंही एकमेकांशी अत्यंत गोड बोलत, एकमेकांना पाण्याचा ग्लास पुढे करत, आणि रोज थोडे थोडे वर जात. शेवटी दोघांची डोकी निळ्या पडद्याच्या वर जाऊन मागची भिंत आणि तिच्यावरची पाल दिसू लागली, तेव्हा मीच शेठजींकडे गेलो.

टीव्हीवर तेव्हा सासवा-सुनांच्या मालिकांचं राज्य होतं, पण सात वाजता आमच्या केबलवर त्यांना कुणी विचारत नव्हतं. गोंदियातले लोक बातम्या मालिकेसारख्या पाहू लागले. आज आधी "नमस्कार" कोण म्हणतो आणि शेवटी "शुभरात्री" कुणाच्या वाट्याला येते, यावर पानठेल्यांवर सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पैजा लागत. पुतण्या आवेशानं "ब्रेकिंग न्यूज!" म्हणायचा आणि साडू कॅमेऱ्याकडे पाहून शांतपणे सांगायचे, "ही घटना काल दुपारची आहे." पुतण्या मधूनच हिंदीत शिरायचा, की साडू त्याचंच वाक्य पुन्हा मराठीत वाचायचे. यातली गंमत लोकांना दिसत होती. मला मात्र घरी ताईच्या हातचा चहा पिताना दिसायचं की साडूंचं जेवण कमी झालंय, झोप कमी झालीय, आणि नऊच्या बातम्यांतल्या स्वतःला नमस्कार करताना ते आधी शेजारच्या खुर्चीकडे पाहतात. या वयात खुर्ची गेली तर आपण काट्यावरचा एक माणूस उरू, ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही. पण ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेली होती.

घटस्थापनेच्या सुमारास शेठजींनी निकाल जाहीर केला. रेल्वे लाइनीच्या पलीकडे दुसऱ्या केबलवाल्यानंही बातम्या सुरू केल्या होत्या आणि ते आमच्या आधी सांगत होते. शेठजी म्हणाले, "दिवाली के बाद एकही कुर्सी रहेगी. जो पहले खबर देगा, कुर्सी उसकी." पुतण्या हसला. साडूंनी पोत्याची घडी सारखी केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट झाली. सातला थोडा वेळ उरला होता आणि फोन वाजला. पलीकडे गोंदियाच्याच मालधक्क्यावर हमाली करणारा एक माणूस ढसाढसा रडत होता. तिरोड्यापलीकडे तलावाकाठी बोदलकसा नावाचं गाव आहे, तिथली त्याची मावशी गेली होती, गावाहून आत्ताच निरोप आला होता. ही मावशी साधीसुधी बाई नव्हती. तिरोड्याच्या बाजारात ती इतकी वर्षं मासोळ्या विकत होती की तिच्या शिव्या आणि तिची मासोळी न खाल्लेलं घर त्या भागात सापडणं कठीण होतं. आमच्याकडे तिचा फोटोही होता. बाजाराच्या एका बातमीसाठी मीच तो घेतला होता. ही बातमी पलीकडच्या केबलवर अजून गेलेली नव्हती. पण बोदलकशाला जाऊन सातच्या आत परत येणं शक्यच नव्हतं. पुतण्या अगदी साधेपणानं म्हणाला, "काका, तुम्ही आपल्या पद्धतीनं पाहून या. तोपर्यंत मी वाचून टाकतो." साडू त्या खुर्चीकडे पाहत काही वेळ उभे राहिले. मग जाऊन बसले, आणि सात वाजता त्यांनीच ती बातमी वाचली. इतक्या वर्षांत न पाहता मारलेलं ते पहिलं माणूस.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं ताईनं नंतर सांगितलं. सकाळी उजाडता उजाडता ते माझ्या दाराशी मोपेड घेऊन हजर. "चाल बाबू, पाहून येऊ." रस्ताभर धानाची शेतं पिवळी पडत आली होती. बोदलकशाच्या अलीकडेच आम्हाला लोक दिसू लागले. कुणी सायकलला लाकूड बांधलेलं, कुणी खांद्यावर ओंडका घेतलेला. मयतीला जाताना घरटी एक लाकूड न्यायचं, ही तिकडची रीत आहे. म्हातारीच्या अंगणात लाकडांचा ढीग लागला होता, ढिगाभोवती पन्नासेक माणसं उभी होती, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, विळीवर बसून, म्हातारी मासोळी कापत होती. तिरोड्याहून आलेला एक दुकानदार हातातला हार कुणाला घालावा, या विचारात तसाच उभा होता.

"या जी, या," म्हातारी साडूंना पाहताच म्हणाली. "तुमीच का माह्या मरनाची बातमी सांगनारे? टीव्हीत लय गोरे दिसता."

साडूंचा चेहरा पाहवत नव्हता. ते अंगणातच खाली बसले. मग म्हातारीनं सगळी हकीकत सांगितली. दोन दिवसांपूर्वी ती वाळत घातलेल्या मासोळ्या राखत बसली होती आणि एक कावळा येऊन थेट तिच्या डोक्यावर बसला. कावळा शिवला की मरण जवळ आलं, असं आमच्याकडच्या खेड्यांत मानतात. आणि त्याच्यावर उपायही आहे. दूरच्या एखाद्या नातलगाला मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यानं मनापासून रडून घेतलं की मरणाला वाटतं, इथलं काम उरकलं, आणि ते निघून जातं. मग सावकाश त्या नातलगाला खरं सांगायचं आणि बोलावून जेवू घालायचं. म्हातारीच्या मुलानं रीतीप्रमाणे गोंदियाच्या मावसभावाला निरोप पाठवला होता. तो रीतीप्रमाणे रडला होता. केबलवाल्यांना फोन करणं मात्र रीतीत कुठे नव्हतं.

"एक भाचा रडला असता त माह्यं भागलं असतं," म्हातारी म्हणाली. "तुमी त पुरा जिल्हा रडवला जी! आता मले कोन नेते?" अंगणातली माणसं हसली. साडू हसले नाहीत. ते हात जोडून म्हणाले, "माय, माझी चूक झाली. आज सांजच्यालेच सांगतो का तुमी चांगल्या हाव."

त्यासरशी म्हातारीचं हसू मावळलं. तिनं हातातली मासोळी टाकली आणि तसाच खवले लागलेला हात पुढे करून साडूंचं मनगट धरलं. "सांगू नोको बापा. पुनव जाऊ दे. माह्या बहिनीले असाच कावरा शिवला होता. निरोप गेला, लोक रडले, आन सांजच्याले कोनतरी खरी गोठ फोडली. आठवडा नाही काढला तिनं. पुनव जाऊ दे, मंग काय सांगाचं ते सांगजो."

कोजागिरीला अजून थोडे दिवस होते. परतताना साडू मोपेड चालवत होते आणि मी मागे बसून बोलत होतो. आमच्या दोघांच्या घरांत कावळा, मांजर, अमावस्या यांना आजोबांच्या वेळेपासून थारा नाही. ज्या दिवशी धम्म घेतला त्या दिवशी हे सगळं गाठोडं घराबाहेर गेलं. स्वतः साडूंनी चौदा एप्रिलला कितीतरी वेळा माइकवरून अंधश्रद्धेची साल काढलेली मी ऐकली होती. मी म्हटलं, "भाऊ, म्हातारीचं काय मनावर घेता? आज सांगून मोकळे व्हा, खुर्ची तरी वाचंल." तिरोडा आलं तेव्हा ते म्हणाले, "कावरा बिवरा मी मानत नाही, बाबू. पन तिनं मासोळी टाकून माझं मनगट कसं धरलं, ते मी पाह्यलं."

संध्याकाळी खोलीत पोचलो तर तिथे आग लागल्यासारखा गोंधळ होता. फोन थांबत नव्हते. लाइनीपलीकडचे केबलवाले फोन करकरून आमची टर उडवत होते. शेठजी लालबुंद होऊन येरझाऱ्या घालत होते, आणि पुतण्याचे डोळे मात्र चमकत होते. "काका, हा तर मोठ्या चॅनेलचा आयटम आहे! मेलेली म्हातारी अंगणात मासे कापतेय! मी उद्या कॅमेरा घेऊन जातो." त्यानं खुलासा लिहूनही ठेवला होता. शेठजी साडूंसमोर थांबले. "गलती किसने की?"

"मी केली."

"तो सुधारेगा कौन?"

"मीच. पुनव झाली का दुसऱ्या दिवशी."

"पुनव-बिनव मुझे मत सुनाओ भाऊ. आज सात बजे पढ़ो, माफी माँगो, बात खतम. कुर्सी तुम्हारी, मैं सबके सामने बोलता हूँ. नहीं पढ़ोगे तो कल से आने की जरूरत नहीं."

म्हणजे खुर्ची समोर ठेवलेलीच होती, फक्त एक वाक्य वाचायचं होतं, आणि ते वाक्य खरं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वाचा भाऊ, वाचून टाका. साडूंनी शेठजींना समजावून पाहिलं. म्हातारीच्या बहिणीची गोष्ट सांगितली. शेठजींनी कपाळाला हात लावला. मग साडू पुतण्याकडे वळले. त्याला ते कधी नावानं हाक मारत नसत.

"छोटे शेठ, तुमाले ही जागा पायजे का नाही?"

"काका, असं काय बोलता..."

"हो का नाही, तेवढंच सांगा."

पुतण्यानं खाली पाहिलं. "हो."

"मंग घ्या. पुनव होतपर्यंत त्या बुडगीचं नाव काढाचं नाही आन तिच्या दारात क्यामेरा न्याचा नाही. मी आताच उठतो. बोला."

पुतण्यानं शेठजींकडे पाहिलं, शेठजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "ठीक आहे काका," तो हलकेच म्हणाला, आणि सांगायला हवं, त्यानं शब्द पाळला. साडूंनी कोट काढून हातावर घेतला आणि जिना उतरून गेले. सात वाजत आले होते म्हणून मला कॅमेरा सोडता येईना. त्या दिवशीच्या बातम्यांत काय होतं ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि पडद्यावरचा पुतण्या मला नीट दिसतच नव्हता, एवढं आठवतं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी खुलासा वाचला गेला. सदर महिला जिवंत असून आमच्या पूर्वीच्या निवेदकांच्या चुकीमुळे झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत, असं ते वाक्य होतं. नऊच्या वेळी मी मुद्दाम साडूंच्या घरी गेलो. ताई रडत होती. साडू पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "वाक्य लांब झालं. याचे दोन कराले पायजे होते." पुढे कितीतरी दिवस मिलमध्ये ट्रॅक्टरवाले काट्यावर चढण्याआधी विचारायचे, "भाऊ, आमी हावो का गेलो, पाहून सांगा जी!" साडू मान खाली घालून वजन लिहायचे. मला सहन होईना. खरी गोष्ट लोकांना सांगतो म्हटलं तर ते माझ्यावर उखडले. "तू सांगशीन, फिरत फिरत बुडगीच्या कानावर जाईन का हिच्यापायी याचं काम गेलं. मंग ती जलमभर मनाले लावून घेईन. गप बस."

पण बातमी तशीही फिरलीच. दिवाळी होऊन मंडया सुरू झाल्या होत्या तेव्हा म्हातारी मुलाला घेऊन थेट साडूंच्या घरी आली. मी तिथेच होतो. सुक्या मासोळीचं गाठोडं तिनं ताईच्या हाती दिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तुमी आता टीव्हीत काऊन दिसत नाही जी? माह्यापायी गेलं का तुमचं काम?"

साडूंनी तोंड उघडलं, आणि आतून एक विचित्र घोगरा आवाज आला. "नाही माय. गळा बसला माझा. डाक्टरनं बोलू नोको म्हनून सांगतलं. म्हनून मीच सोडलं." पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना गहिवरून आलंय. मग ताईचा आ वासलेला चेहरा पाहिला आणि कळलं. म्हातारीनं मात्र सुटकेचा श्वास टाकला. मग गळ्याला काय लावावं, काय चघळावं, कोणतं पाणी प्यावं, यावर ती तासभर बोलली आणि निश्चिंत मनानं परत गेली.

ते सोंग तेवढ्यावर भागलं नाही. तिरोड्याच्या बाजारात ती भेटली की साडू घोगऱ्या आवाजात बोलत. मिलमध्ये तिकडचे ट्रॅक्टरवाले येत, म्हणून रोज काट्यावरही तोच आवाज, आणि पुढे पुढे सवयीनं घरीही तोच. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्या हिवाळ्यात एका मंडईचं बोलावणं आलं आणि त्यांनी नकार दिला. चौदा एप्रिलला मंडळाची पोरं आली, त्यांनाही नकार दिला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिकडचे लोक असतेत. मोकळ्या आवाजात बोललो का तिले सांगतीन." खुर्ची गेली होतीच, आता माइकही गेला. ताईनं एकदा रागारागानं विचारलं, कोण कुठली ती म्हातारी, तिच्यासाठी किती दिवस हे चालायचं? साडू म्हणाले, "ती हाय तवपर्यंत." आणि म्हातारी टणक निघाली. दरवर्षी जंगलातला मध बाटलीत भरून पाठवायची आणि निरोप द्यायची, गळ्याले बरं पडंल. साडूंना मध आवडत नसे. तरी ते सकाळी चमचाभर घेत.

मधल्या काळात घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या, केबल मागे पडली, शेठजींनी सातच्या बातम्या बंद केल्या. पुतण्या रायपूरच्या एका चॅनेलवर गेला. गेला तेव्हा साडूंच्या पाया पडून गेला. साडू मिलमधून निवृत्त झाले. मग एका उन्हाळ्यात म्हातारीचा मुलगा स्वतः मोटरसायकलवर आला आणि दारातूनच म्हणाला, "भाऊ, माय गेली. खरंच गेली जी."

आम्ही दोघं गेलो. या खेपेला अंगणात लाकडांचा ढीग मोठा होता आणि कुणी हसत नव्हतं. सगळं उरकल्यावर तलावाच्या काठी माणसं झाडाखाली बसली, आणि मुलानं साडूंना हात धरून उभं केलं. म्हणाला, दोन शब्द बोला, तिचा तुमच्यावर लय जीव होता. मी साडूंच्या कानाशी लागून म्हटलं, "भाऊ, आता मोकळ्या आवाजात बोला. आता कोन आयकून राहिलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोनदा खाकरले, कोटाची बटणं लावल्यासारखा छातीवरून हात फिरवला आणि बोलायला सुरुवात केली. आवाज तोच आला, घोगरा, मधेच तुटणारा. ते थांबले, पुन्हा खाकरले, पुन्हा बोलले. दुसरा आवाज आला नाही. इतकी वर्षं रोज दाबून दाबून तो कधी निघून गेला होता, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं असावं. क्षणभर ते गोंधळलेले दिसले, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तलावाकडे पाहू लागलो. मग ते तशाच आवाजात म्हातारीबद्दल सांगू लागले. मागच्या लोकांना काही ऐकू येईना, म्हणून ते सगळे उठले आणि पुढे येऊन, अगदी साडूंच्या पायाशी दाटीवाटीनं बसले.